गाडी कोणत्या सालची?

दिल्लीला जाणारा मराठी माणूस लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो, आणि इतिहासाचा थोडा नाद असला तर तालकटोऱ्याच्या बागेत उभा राहून १७३७ साली बाजीरावाच्या फौजा इथवर येऊन धडकल्या होत्या हे बरोबरच्या मंडळींना सांगतो. तिथून करोल बाग फार लांब नाही. पण करोल बागेत तो गेलाच, तर लग्नाच्या साड्या आणि लेहंगे पाहायला जातो. आम्ही दोघे मात्र करोल बागेत गेलो ते मोटार पाहायला. आणि मोटार म्हणजे साधीसुधी नव्हे, तर ज्या मोटारीचे नाव उच्चारताना आमच्या घरात आजवर आवाज आपोआप खाली येत असे, तसली.

आम्ही दोघे म्हणजे मी आणि आमचे साताऱ्याचे दाजी. गोष्ट २०२५ च्या फेब्रुवारीतली. आक्काच्या मणक्यावर आदल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली होती. दर महिन्याला तिला साताऱ्याहून पुण्याला डॉक्टरांकडे आणावे लागे. खाली बसकी असलेली छोटी मोटार तिला वर्ज्य होती. तीत शिरायचे म्हणजे कमरेत वाकायचे, आणि उतरायचे म्हणजे दोघांनी ओढून काढायचे. भाड्याच्या उंच गाड्या मिळत, पण त्यांच्या मागच्या बाकावर खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत ती डोळे मिटून गप्प बसे. एकदा अशीच पुण्याला उतरल्यावर ती मला म्हणाली, "अरे, दुखणं परवडलं, पण हा प्रवास नको." दाजींनी हे ऐकले आणि तीन गुंठ्यांचा एक तुकडा विकला. नवी घ्यावी तर तसल्या गाडीला पाऊण-एक कोट लागतात. जुनी, चांगली राखलेली, तीस लाखांच्या आत मिळाली तर घ्यायची असे ठरले. तीस लाखांच्या आत म्हणजे सगळे धरून. कारण त्या तुकड्याशिवाय विकण्यासारखे दाजींपाशी दुसरे काही नव्हते.

मला बरोबर नेण्याचे कारण दाजींनी स्पष्टच सांगितले. "मास्तर, तुम्हाला गाडीतलं काही कळत नाही हे मला माहीत आहे. पण तुम्ही कागद शेवटपर्यंत वाचता."

साताऱ्याहून दाजी गोवा एक्सप्रेसमध्ये बसले आणि पुण्याला मी चढलो. कुंभमेळ्याचे दिवस असल्याने उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे लोक भाविक म्हणूनच पाहत होते. शेजारच्या एका आजोबांनी दाजींना, "स्नानाला का?" असे विचारले, तेव्हा दाजींनी "गाडीला" असे उत्तर दिले आणि पुढचे दोन तास त्यांना समजावून सांगण्यात गेले.

पण दिल्लीच का? पुण्या-मुंबईला जुन्या गाड्या मिळत नाहीत काय? मिळतात. दिल्लीत त्या स्वस्त मिळतात, आणि त्याला कारण आहे. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या दिल्ली आणि राजधानी परिसराच्या रस्त्यांवर येऊ नयेत असा आदेश दिला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पेट्रोलच्या गाड्यांना पंधरा वर्षे. इतरत्र खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, मग ती डिझेलची का असेना. म्हणजे जी गाडी दिल्लीत म्हातारी ठरते तिला साताऱ्यात अजून पाच वर्षे संसार करता येतो. पुढे २०२५ च्या जुलैत तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही असे निघाले आणि गदारोळ होऊन काही दिवसांतच लांबणीवर पडले. ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर कडक कारवाई करू नये असे सांगितले, आणि डिसेंबरात ही सवलत बी. एस. ४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच ठेवली. आम्ही गेलो तेव्हा यातले काहीच घडलेले नव्हते. दहा हा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती, आणि त्या रेघेच्या जवळ आलेल्या मोठ्या डिझेल गाड्या करोल बागेत दाटीवाटीने उभ्या होत्या.

करोल बाग ही बाग नाही. मेट्रो उंचावरून धावते आणि तिच्या अगदी कडेला एकशे आठ फुटांचा हनुमान उभा आहे. खाली अजमल खान रस्ता. हे हकीम अजमल खान म्हणजे ज्यांच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१ मध्ये गांधीजींनी केले ते. कॉलेज अजून तिथेच आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबे इथे वसली आणि त्यांनी या वस्तीचा बाजार केला. रस्त्यावर पाऊल ठेवावे तो कुणीतरी बाहीला धरून विचारतो, "क्या देखेंगे?" सोमवारी बाजार बंद असतो हे आम्हाला तिथे सोमवारी पोचल्यावर एका छोले-भटुरेवाल्याने सांगितले. त्याच्या दृष्टीने तो चांगलाच दिवस होता. त्याच्याकडे गर्दी नव्हती आणि आम्हाला दुसरे काम नव्हते.

मंगळवारपासून गाड्या पाहायला सुरुवात झाली. पूसा रोडच्या बाजूच्या गल्ल्यांतून, तळघरांतून, दोन दुकानांच्या मधल्या बोळांतून त्या उभ्या असतात. पॉलिश असे की आपला चेहरा आपल्यालाच तरुण दिसावा. आणि पहिले वाक्य सगळीकडे तेच: "सर जी, सोलह मॉडल है."

इथे भाषेच्या मास्तराला थोडे थांबावेसे वाटते. इंग्रजीतला मॉडेल हा शब्द आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ साल असा झाला. साताऱ्याच्या ट्रॅक्टरवाल्यापासून दिल्लीच्या दलालापर्यंत सगळे 'अठराचं मॉडेल' असेच म्हणतात. मराठीत तर साल म्हणजे वर्ष आणि साल म्हणजे फळाचे वरचे टरफलही. दोन्हींवरून आतला गर कळतो अशी लोकांची समजूत असते. पण गाडीच्या बाबतीत नुसते 'सोळाचं मॉडेल' म्हटल्याने काहीच कळत नाही, कारण तिला एक साल नसतेच. ती कारखान्यातून बाहेर पडली ते एक. सरकारी दप्तरात नोंदली गेली ते दुसरे. आणि ज्या आराखड्यावर ती बेतली तो आराखडा जन्माला आला ते तिसरे. याबद्दल विकणारा कधीच बोलत नाही आणि घेणाऱ्याला विचारायचे सुचत नाही.

मला ते सुचले याचे श्रेय माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला आहे. बी. ए.ला मराठी घेऊन तो जेमतेम पार पडला. आज भोसरीच्या बाजूला त्याचे जर्मन गाड्यांचे गॅरेज आहे आणि मी वर्षभरात मिळवतो ते तो बहुधा तिमाहीत मिळवतो. निघण्यापूर्वी दाजींना घेऊन मी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "सर, साल नंतर विचारा. आधी पिढी विचारा."

मोठ्या कंपन्या सहा-सात वर्षांनी गाडीचा सगळा आराखडा बदलतात. मधे साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी तोंडवळा जरा बदलतात, त्याला बाजारात 'फेसलिफ्ट' म्हणतात. नव्या आराखड्याच्या पहिल्या दोन वर्षांत जे दोष कारखान्यात दिसले नाहीत ते गिऱ्हाइकाच्या दारात दिसतात. मग कंपनी एखादे सील बदलते, एखादी पट्टी जाड करते, आतल्या संगणकाची आज्ञावली सुधारते. बाहेरून काही दिसत नाही, पण आतून गाडी शहाणी होत जाते. मला हे लगेच पटले, कारण आमच्या धंद्यात आवृत्त्या असतात. क्रमिक पुस्तकाची पहिली आवृत्ती विद्यार्थ्याने घेऊ नये, कारण शुद्धिपत्रच दोन पानांचे असते. सुधारलेल्या आवृत्तीचे शेवटचे पुनर्मुद्रण घ्यावे. तोवर मुद्राराक्षसाचे पोट भरलेले असते.

विद्यार्थ्याने उदाहरणे दिली. बी. एम. डब्ल्यू.च्या दोन लिटरच्या डिझेल इंजिनात, २००७ ते २०११ च्या सुमारास बनलेल्या, टायमिंग चेनचा त्रास जगभर गाजला. आणि ती चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली, त्यामुळे तिथे हात घालायचा तर इंजिनच उतरवावे लागते. मर्सिडीजच्या व्ही-सहा डिझेलच्या सुरुवातीच्या वर्षांत ऑइल कूलरची रबरी सीले झिरपत. सील किरकोळ किमतीचे, पण ते इंजिनाच्या दोन रांगांच्या बेचक्यात खोल बसलेले, म्हणून मजुरी हजारोंची. पुढे सीलांचा माल बदलला आणि तक्रार कमी झाली. २०२२ मध्ये मर्सिडीजने २००४ ते २०१५ या काळात बनलेल्या एम. एल., जी. एल. आणि आर वर्गाच्या जवळपास दहा लाख गाड्या जगभरातून तपासणीसाठी परत बोलावल्या, कारण ब्रेक बूस्टरला आतून गंज चढण्याची भीती होती. "आता बघा," तो म्हणाला, "२०१५ ची आणि २०१८ ची गाडी शेजारी उभी केली तर तुम्हाला फरक कळणार नाही. पण एक त्या यादीत बसते, दुसरी बसत नाही. कोणतीही घेतलीत तरी चॅसिस नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देऊन तपासण्या झाल्या की नाही ते विचारा."

मग त्याने पाटीवर तीन नावे लिहिली. मर्सिडीजची जी. एल. ई. : ही म्हणजे २०१२ मध्ये भारतात आलेली एम. एल.च; २०१५ मध्ये तोंडवळा आणि नाव बदलले, आणि सगळाच नवा आराखडा आला तो जानेवारी २०२० मध्ये. बी. एम. डब्ल्यू.ची एक्स-५ : एक पिढी २०१४ मध्ये आली, पुढची २०१९ मध्ये. ऑडीची क्यू-७ : दुसरी पिढी डिसेंबर २०१५ मध्ये आली, २०२० मध्ये बी. एस. ६ लागू झाले तेव्हा थांबली, आणि २०२२ मध्ये परतली ती फक्त पेट्रोलवर. "जुनी पिढी, पण तिची शेवटची दोन-तीन वर्षं," असे म्हणून त्याने पाटीवर २०१७ ते २०१९ याभोवती गोल काढला. "२०२० च्या पुढची बी. एस. ६ डिझेल मिळाली तर वाईट नाही, पण तुमच्या पैशात चांगली येणार नाही. शिवाय तिच्या धुराड्यात काजळी धरणारी गाळणी असते. ती मोकळी व्हायला लांब पल्ला लागतो. दाजी महिनाभर साताऱ्यात भाजी आणायला फिरवणार असतील तर ती तुंबते."

दाजी म्हणाले, "भाजी मी चालत आणतो."

हे सगळे डोक्यात घेऊन मी करोल बागेत उभा होतो, आणि समोर ती 'सोळा मॉडेल' होती. कंपनीचे नाव सांगत नाही. गाडीचा काही दोष नव्हता. काळी, काचेचे छत असलेली, सगळ्यात वरच्या दर्जाची, आणि खाली स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर बसलेली. बटण दाबले की गाडी उंटासारखी हळूच उठे आणि बसे. किंमत, आम्ही ठरवलेल्या रकमेच्या दोन तृतीयांश. दाजी मागच्या बाकावर जाऊन बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आक्काला हीच."

मी आर. सी. मागितली. बनावट मार्च २०१५, नोंदणी जानेवारी २०१६. दहा महिने ती गाडी कुठे तरी कुणाची तरी वाट पाहत उभी होती. असे होते ते बहुधा नवी पिढी येऊ घातली की. जुनी विकली जात नाही, मग सवलतीत देतात आणि पुढच्या वर्षात नोंदवतात. कायद्याच्या हिशेबाने ती सोळाची होती, कारण दिल्लीची दहा वर्षे नोंदणीपासून मोजतात. रबराच्या हिशेबाने मात्र ती पंधराची होती. रबराला नोंदणी कळत नाही. गाडीचे काही भाग किलोमीटरने झिजतात, जसे ब्रेक, टायर, बेअरिंगे. आणि काही नुसते वर्षांनी म्हातारे होतात, जसे रबरी बुश, प्लॅस्टिकचे पाइप आणि हवेचे फुगे. दिल्लीचा उन्हाळा आणि दिल्लीचीच हिवाळी थंडी दहादा खाल्लेला फुगा कोणत्या दिवशी फुटेल हे सांगता येत नाही. फुटला की गाडी त्या कोपऱ्यात खाली बसते.

हे मी दाजींना कसे सांगावे? माणूस बायकोसाठी मऊ गाडी शोधत होता आणि ती त्याला सापडली होती. मी व्हिडिओवर विद्यार्थ्याला बोलावले. त्याने गाडी उठवायला लावली, बसवायला लावली, रात्रभर उभी करून सकाळी चारही चाकांवरची उंची बोटांनी मोजायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. मागचा डावा कोपरा दोन बोटे खाली होता. दुकानदार म्हणाला, "जमीन ढलान है, सर जी." आम्ही गाडी पलटवून उभी केली. दोन बोटे तिच्याबरोबर पलटली.

दाजी काही बोलले नाहीत. दुपारभर ते गप्प होते. मला वाटले, मी त्यांचा हिरमोड केला. संध्याकाळी हनुमानाच्या पायथ्याशी चहा पिताना ते एवढेच म्हणाले, "खंबाटकीत मधोमध बसली असती, तर आक्काला मी खाली कसं उतरवलं असतं?"

त्यानंतरच्या दोन दिवसांत आम्ही अकरा गाड्या पाहिल्या. सगळ्यांची कथा सांगत नाही. पण एक सांगतो. २०१९ ची, पांढरी, किंमत इतकी माफक की संशय यावा. कागद चोख. 'वाहन' पोर्टलवर नोंद जुळली, मालक पहिलाच, कर्जाचा बोजा उतरलेला. विद्यार्थ्याने सांगितले, "सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा." दाजींनी ओढला. शेवटची हातभर पट्टी मातकट होती आणि तिच्यावर एक सरळ रेघ होती, नदीकाठच्या घाटावर पुराची असते तशी. मागे डिकीच्या तळाशी, जादा चाकाखाली, बारीक गाळ सुकून चिकटला होता. २०२३ च्या जुलैत यमुनेने २०८.६६ मीटरची पातळी गाठली. तोवरचे सगळे उच्चांक तिने मोडले आणि दिल्लीच्या सखल वस्त्यांतून पाणी फिरले. त्यात उभी असलेली वाहने पुढे कुठे जातात याचे एक उत्तर आमच्यासमोर चकचकीत होऊन उभे होते. पाणी यमुनेचे की एखाद्या तुंबलेल्या भुयारी रस्त्याचे, हे आम्ही विचारले नाही. अशा गाडीला कोणते साल लावायचे? ती २०१९ मध्ये जन्मली आणि २०२३ मध्ये एकदा बुडाली.

काचांवरचे आकडे वाचायला मी इथेच शिकलो. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिच्या बनावटीच्या वर्षाची खूण असते. पाच काचा एका सालच्या आणि सहावी दुसऱ्या सालची असली की त्या दाराला काही झाले होते असे समजावे. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चॅसिस नंबर सतरा अक्षरांचा; त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. अमेरिकेत त्यातले दहावे अक्षर सालाचे असते, एच म्हणजे २०१७, जे म्हणजे २०१८. आपल्याकडे मात्र सालाची खूण कोणत्या जागी ठेवायची हे कंपनीकंपनीवर आहे, तेव्हा त्या दहाव्या अक्षरावर विसंबून पैज लावू नये. हस्तलिखिताचा काळ ठरवताना आम्ही कागद पाहतो, शाई पाहतो, अक्षराचे वळण पाहतो आणि मग शेवटी लिहिणाऱ्याने दिलेली तिथी पाहतो. इथेही तोच क्रम बरा.

गुरुवारी विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून आम्ही मायापुरीला गेलो. करोल बागेहून ब्लू लाइनने राजौरी गार्डन, तिथे बदलून एकच स्टेशन. मायापुरी हा जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा आणि भंगाराचा बाजार. २०१० मध्ये एका विद्यापीठाच्या जुन्या यंत्रातले कोबाल्ट इथे भंगारात आले आणि किरणोत्साराने एका माणसाचा जीव गेला, तेव्हा हे नाव जगभर पोचले. एरवी मायापुरी आपल्या कामात असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इंजिने पोत्यांसारखी रचलेली, दरवाजे पुस्तकांसारखे उभे लावलेले, आणि तेलाने काळी झालेली जमीन पायाखाली थोडी मऊ लागते. ज्या गाड्यांना करोल बागेत गिऱ्हाईक मिळत नाही त्यांतल्या कित्येकींचे तुकडे अखेर असल्या बाजारात येतात.

तिथे एका दुकानात सत्तरीचे एक सरदारजी स्टुलावर बसले होते. मी म्हटले, अमुक गाडीचा गिअरबॉक्स मिळेल का? ते लगेच म्हणाले, "पुराना फेस या नया फेस?" मी सालच सांगितले. त्यांनी हात हलवला. "साल नहीं, बेटा, फेस बोलो. साल बेचनेवाला बोलता है." चार दिवसांत आम्हाला भेटलेला हा पहिला माणूस, ज्याला पिढीचे साल ठाऊक होते आणि ते लपवण्यात ज्याचा काही फायदा नव्हता. त्यांनी सांगितले की पिढी संपत आलेल्या गाडीचे भाग सगळ्यांत स्वस्त आणि मुबलक, कारण आधीच्या वर्षांच्या गाड्या तुटायला आलेल्या असतात आणि बरेच भाग जुळतात. नव्या पिढीचा भाग मागितलात तर कंपनीचाच घ्या. दाजींनी विचारले, "और एअर सस्पेन्शन?" सरदारजींनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवले. तिथे फुगे टांगले होते, एका रांगेत, सगळे भेगाळलेले. पुढे काही बोलायची गरज पडली नाही.

शनिवारी गाडी ठरली. २०१८ ची जी. एल. ई., चार सिलिंडरचे डिझेल, साध्या लोखंडी स्प्रिंगा. बनावट फेब्रुवारी, नोंदणी एप्रिल, म्हणजे मधे दोनच महिने. काचा सगळ्या एका वर्षाच्या. सर्व्हिसचा इतिहास कंपनीच्या सेंटरमधून काढून आणला. किलोमीटरचे आकडे वर्षागणिक चढत गेले होते, मधेच उतरले नव्हते. काचेचे छत नाही, उठबस करणारे बटण नाही, मागे दूरदर्शनचे पडदे नाहीत. दुकानदाराच्या मते ती 'बेसिक' होती, आणि आम्ही ती मागतो आहोत याचे त्याला थोडे वाईट वाटले. दाजी पुन्हा मागच्या बाकावर बसले, पण या वेळी डोळे उघडे ठेवून. खिशातून मोजपट्टी काढून त्यांनी जमिनीपासून आसनाची उंची मोजली. निघण्यापूर्वी पुण्यात एका स्नेह्यांच्या अशाच गाडीत आक्काला बसवून पाहिले होते आणि ती उंची टिपून ठेवली होती. आकडा जुळला. त्यांनी रुमालाने मोजपट्टी पुसली आणि मला म्हणाले, "कागद वाचा."

मी वाचले. मालकी बदलाचे २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज, ना-हरकतीचा २८ क्रमांकाचा, विम्याचा कागद, प्रदूषणाचा दाखला, थकलेल्या दंडाच्या पावत्या. दोन चलने भरायची राहिली होती. ती दुकानदाराने भरल्याशिवाय दाजींनी उरलेले पैसे दिले नाहीत. किंमत त्या काळ्या गाडीपेक्षा पाच लाखांनी जास्त पडली. दिल्लीत तिच्या आयुष्याची तीन वर्षे उरली होती, साताऱ्यात आठ.

परतीचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. हा दिल्लीहून निघतो तो जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत करत पुणे-साताऱ्यावरून थेट चेन्नईपर्यंत जातो. म्हणजे तत्त्वतः करोल बागेतून बाहेर पडून या रस्त्याला लागले की दाजींच्या गावापर्यंत दुसरा रस्ता धरायला नको. आम्ही पहिला मुक्काम उदयपूरला आणि दुसरा सुरतेला केला. गाडीबद्दल सांगण्यासारखे काही घडले नाही, आणि याहून अधिक चांगले मी तिच्याबद्दल काय सांगू? अजमेरच्या पुढे दाजींनी मला चाक देऊ केले. मी नको म्हटले. तीन गुंठे जमीन हातात धरून ताशी शंभरने जायचे माझ्या जिवावर आले.

पुण्याला विद्यार्थ्याने गाडी उचलून खालून पाहिली. तो हसून म्हणाला, "सर, ही जुळवली आपल्या चाकणला. दिल्लीला नांदायला गेली आणि माहेरी आली." त्याने तेले बदलली, पुढचे दोन बुश बदलले, आणि पैसे घेताना गुरुदक्षिणेचा विषय काढला नाही हे मला बरे वाटले.

ना-हरकत दाखला यायला तीन आठवडे लागले. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवीन नोंदणी करावी लागते, आणि तिचा कर आपण मोजलेल्या किमतीवर नव्हे तर गाडीच्या मूळ किमतीवर, वयाप्रमाणे सूट धरून बसतो. स्वस्तात मिळाली म्हणून नाचणाऱ्या पुष्कळांचा नाच या खिडकीशी थांबतो. दाजींनी ती रक्कम जमिनीच्या पैशांतून पहिल्याच दिवशी बाजूला काढली होती. साताऱ्याच्या कार्यालयात निरीक्षकांनी चॅसिस नंबरावर पेन्सिल घासून ठसा घेतला आणि एम. एच. ११ चा नंबर मिळाला. मुदत एप्रिल २०३३.

एप्रिलात आक्का पहिल्यांदा तिच्यातून पुण्याला आली. उंची बरोबर होती, पाठ टेकायला ऐसपैस जागा होती, पण आत चढायला पाऊल जरा जास्त उचलावे लागत होते, आणि मोजपट्टीने ते मोजलेले नव्हते. दाजींनी शेजारच्या सुताराकडून नऊ इंच उंचीचे एक सागवानी पाटासारखे स्टूल करून घेतले आहे. ते डिकीत असते. गाडी थांबली की दाजी आधी उतरतात, स्टूल दाराशी ठेवतात, आणि आक्का त्यावर पाय ठेवून खाली येते.